जिनिंग जळाली, क्लेम नाकारला: विमा घेतलेल्या कंपनीकडून केस लढायची तर नवीन वकिलानं कुठून सुरुवात करायची

जानेवारीतली रात्र, साडेअकरा वाजले असतील, कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या शेटजींचा फोन आला, "वकीलसाहेब, गंजी पेटली जी, बंब निघाला म्हणतेत पण अजून आला नाही." मी तेव्हा वकिलीत नवीन होतो. वाटलं की आग विझू दे, नुकसान मोजणारा सर्व्हेअर येऊन जाऊ दे, क्लेम नाकारलाच तर मग आपलं काम सुरू. मी जिनिंगवर गेलो तो अकराव्या दिवशी. तोवर जागा मोकळी करायला जेसीबी लागला होता, पाण्यानं भिजलेली सरकी सडून वास मारायला लागली म्हणून खड्डा करून पुरली होती, आणि नंतर सर्व्हे रिपोर्टमध्ये एक ओळ आली की साल्व्हेज (आगीतून उरलेला माल) तपासायला मिळालं नाही. त्या एका ओळीशी भांडण्यात आमची पुढची चार वर्षं गेली.

म्हणून हे लिहितोय. पांढरकवडा, वणी, हिंगणघाट, अकोट, कारंजा अशा ठिकाणी जे नवीन वकील बसतात त्यांच्याकडे आज ना उद्या असा पक्षकार येतोच, कोणाची जिनिंग-प्रेसिंग, कोणाची दालमिल, गोंदिया-भंडाऱ्याकडे राईस मिल, कुठं कोल्ड स्टोरेज, आणि आता शेतकरी उत्पादक कंपन्या पण गोडाऊन बांधून विमा घेतात. आपल्याकडे मोटार अपघाताचे क्लेम सगळ्यांना येतात पण फायर पॉलिसीचा दोन कोटींचा क्लेम आला की फाईल सरळ नागपूरला पाठवतात. पाठवा, सिनिअर घ्या, पण पहिले पंधरा दिवस नागपूरचा सिनिअर जिनिंगवर येऊन बसत नाही, तिथं तुम्हीच असता, आणि माझ्या मते केसचा निकाल बराचसा त्याच पंधरा दिवसांत ठरतो.

राख थंडी व्हायच्या आत

फोन आला की जा. रात्रीच विमा कंपनीला ईमेल करायला लावा, चार ओळींचा चालतो, पॉलिसी नंबर, जागा, वेळ, काय पेटलं. एजंटला फोन केला म्हणजे कळवलं असं शेटजी धरून चालतात, ते पुरत नाही. नेहमीच्या फायर पॉलिसीत लिहिलेलं असतं की नुकसान झाल्यापासून १५ दिवसांत लेखी क्लेम द्यायचा किंवा कंपनीनं वाढवून दिलेल्या मुदतीत, तर आकडा पक्का नसला तरी अंदाजे क्लेम देऊन टाका आणि मुदत वाढवून मागा. उशीर झालाच तर विमा नियामक आयआरडीएचं २० सप्टेंबर २०११ चं सर्क्युलर आहे, खऱ्या क्लेमला नुसत्या उशिरावरून नाकारू नका असं त्यात सांगितलंय, पण तो शेवटचा आधार समजा.

मग नगरपरिषदेच्या फायर ब्रिगेडचा रिपोर्ट, पोलिसात अकस्मात जळीतची नोंद आणि पंचनामा, तलाठ्याचा पंचनामा, वीज कनेक्शनचा संबंध असेल तर महावितरणचं पत्र आणि विद्युत निरीक्षकाचा अहवाल. सीसीटीव्हीचा डीव्हीआर त्याच रात्री काढून सील करून ठेवा, नाहीतर आठ-दहा दिवसांत जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, असं रेकॉर्डिंग पुराव्यात द्यायला त्याच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, दोन भागांत, एक आपला पक्षकार देतो आणि एक एक्स्पर्ट, त्यात हॅश व्हॅल्यू (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा कोड) लिहावी लागते, तेव्हा सुरुवातीलाच माहितगार माणूस बोलवा.

आता साल्व्हेज, जिथं मी चुकलो. जळालेल्या गंजीतला उरलेला कापूस, भिजलेल्या गाठी, सरकी, हा सगळा माल पुरावा आहे आणि रोज खराब होणारा पण आहे. गाठ बाहेरून विझलेली दिसते आणि आत दोन-दोन दिवस धुमसत राहते, हे जिनिंगवर काम करणारा कोणीही सांगेल. नुकसान वाढू न देणं हे पॉलिसीवाल्याचं कर्तव्यच आहे, त्यामुळे माल हलवायला हरकत नाही, पण न सांगता हलवायचा नाही. सर्व्हेअरला आणि विमा कंपनीला ईमेल करा की अमुक माल सडतोय, अमुक तारखेपर्यंत येऊन पाहा, नमुना घ्या, नाहीतर आम्ही फोटो-व्हिडिओ आणि वजन करून तो बाजूला काढतोय. मग खरंच वजनकाट्यावर नेऊन पट्टी काढा. एवढं केलं असतं तर ती ओळ रिपोर्टात आली नसती.

अजून एक गोष्ट, आगीच्या कारणाबद्दल कोणी अंदाजानं बोलू नये हे पहिल्याच तासात सगळ्यांना सांगा. एका दालमिलमध्ये मुनीमजींनी पोलिसांना जबाबात सांगितलं, "आतून तापला असन माल, अन् पेटला असन." बिचाऱ्यानं पाहिलं काहीच नव्हतं, तो घरी झोपला होता. पण नेहमीच्या फायर पॉलिसीत माल स्वतःच तापून, आंबून पेटला तर त्या मालाचं नुकसान वगळलेलं असतं, वेगळा प्रीमियम भरून ते कव्हर घ्यावं लागतं. त्या एका "असन" वरून क्लेम नाकारला. खोटं शिकवायचं नाही, कधीच नाही, फक्त ज्यानं जे पाहिलं तेवढंच सांगावं, रेच्यात (सरकी काढायच्या यंत्रात) खडा-लोखंड येऊन ठिणगी उडताना कोणी पाहिली असेल तर त्याचं नाव द्यावं, नसेल पाहिलं तर माहीत नाही म्हणावं. माहीत नाही म्हटल्यानं क्लेम बुडत नाही. २०२३ च्या मुदित रोडवेजच्या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की आग लागली, आणि ती विमाधारकानं लावली नाही, तर नेमकं कारण काय होतं याला महत्त्व नाही.

पूर्ण पॉलिसी हातात घ्या

शेटजींच्या कपाटात दोन पानी शेड्युल असतं, तेवढंच. बाकीच्या अटी, क्लॉज, ॲड-ऑन, प्रपोजल फॉर्म हे सगळं विमा कंपनीकडे लेखी मागा. १ एप्रिल २०२१ पासून छोट्या उद्योगांसाठी वेगळ्या पॉलिसी आल्यात, एका जागेवरची एकूण मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, ५ ते ५० कोटींपर्यंत भारत लघु उद्यम सुरक्षा, त्यांच्या अटी जुन्या फायर पॉलिसीपेक्षा पॉलिसीवाल्याला बऱ्या आहेत. तुमच्या हातात कोणती आहे ते आधी बघा, दुसऱ्याच पॉलिसीच्या अटी धरून नोटीस पाठवलेली मी पाहिलीय.

बघायचं काय, तर जागेचा पत्ता आणि गट नंबर बरोबर आहे का, उघड्यावरचा माल कव्हर आहे का (आपल्याकडे मोसमात निम्मा कापूस उघड्यावरच असतो), बँकेचं नाव आहे का, प्रीमियमचा चेक वटला होता का, कारण विमा कायद्याच्या कलम ६४व्हीबी प्रमाणे प्रीमियम मिळाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही.

आणि विम्याची रक्कम. इथं शेटजींना धक्का बसतो. त्या दिवशी माल होता ४ कोटींचा, विमा ३ कोटींचा, जळाला १ कोटींचा, तर ते म्हणतात विमा तर ३ कोटींचा आहे, १ कोटी पूर्ण मिळतील. ॲव्हरेज क्लॉज असेल तर मिळतात ७५ लाख, कारण चौथा हिस्सा माल बिनविम्याचा होता असं धरतात. हे पक्षकाराला पहिल्या भेटीतच कागदावर करून दाखवा, नाहीतर निकाल लागल्यावर तो तुमच्यावरच चिडेल.

एखादी वगळणारी अट विमा कंपनी पुढे करते तेव्हा विचारा की ती अट पॉलिसी देताना कोणी समजावली होती. २०२२ च्या टेक्सको मार्केटिंगच्या केसमध्ये दुकान तळघरात आहे हे माहीत असून पॉलिसी दिली, प्रीमियम घेतला, आणि नंतर तळघर वगळलंय म्हणून क्लेम नाकारला, सुप्रीम कोर्टानं ते चालू दिलं नाही. शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर पुष्पालय प्रिंटर्सचा २००४ चा निकाल वाचा, अर्थ विमाधारकाच्या बाजूनं लावलाय. पण जिथं शब्द स्वच्छ आहेत तिथं हे निकाल नेऊ नका, कोर्ट पॉलिसीचे शब्द जसेच्या तसे वाचतं, त्याबद्दल पण निकाल भरपूर आहेत.

माल होता हे दाखवायचं कसं

खरं भांडण इथं असतं. आग लागली हे कोणी नाकारत नाही, एवढा माल तिथं होताच कुठं, असं विचारतात. माल तर जळून गेला, आता तो कागदावर परत उभा करायचा. मी काय करतो ते सांगतो.

शंभर किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. गाठ १७० किलोच्या आसपास. म्हणजे एका गाठीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. आता समजा मोसमाच्या सुरुवातीला शिल्लक ६०० क्विंटल, आगीच्या दिवसापर्यंत खरेदी २१,४०० क्विंटल, एकूण २२,०००. प्रेसच्या रजिस्टरप्रमाणे गाठी झाल्या ३,७००, त्याला कापूस लागला १८,५०० क्विंटल. म्हणजे त्या रात्री जागेवर साडेतीन हजार क्विंटल कापूस असायला पाहिजे. हा हिशोब एका पानावर मांडा आणि त्यातल्या प्रत्येक आकड्यामागं कागद लावा, खरेदीला काटापट्टी आणि शेतकऱ्याला केलेलं पेमेंट, गाठींना प्रेस रजिस्टर आणि विक्रीची बिलं, ई-वे बिल, जीएसटी रिटर्न.

सगळ्यात मोलाचा कागद कोणता विचाराल तर मी बाजार समितीचा सेसचा उतारा सांगेन. खरेदीवर सेस भरला त्याची नोंद समितीकडे असते, ते रजिस्टर आपल्या मुनीमजींनी लिहिलेलं नसतं, आग लागायच्या आधीचं असतं, आणि त्याला कोणी बनावट म्हणत नाही. तसंच विजेचं बिल, इतक्या गाठी केल्या तर इतकी युनिटं लागलीच पाहिजेत, ते मागच्या वर्षाशी जुळवून दाखवता येतं.

मग बँकेचं स्टॉक स्टेटमेंट समोर येतं. सीसी लिमिट (मालावर मिळणारी बँकेची कर्जमर्यादा) असते, दर महिन्याला बँकेला माल किती आहे ते लिहून द्यावं लागतं, आणि आपला हिशोब साडेतीन हजार सांगतो तर त्यात ४,४०० क्विंटल लिहिलेलं असतं. फरकाला कधी खरंच कारण असतं, स्टेटमेंट महिनाअखेरचं आणि आग बावीस तारखेची, मधे गाठी निघाल्या. ते कारण तारीखवार लिहून द्या. पण कधी कधी लिमिट वापरता यावी म्हणून आकडा फुगवलेला असतो, आणि तो तुम्हाला दाराआड सांगितला जातो. अशा वेळी पक्षकाराला स्पष्ट सांगा की क्लेम साडेतीन हजाराचाच करायचा. फायर पॉलिसीत अट असते की क्लेमचा कोणताही भाग फसवणुकीचा निघाला तर सगळाच हक्क जातो, म्हणजे ९०० क्विंटलच्या हावेपायी साडेतीन हजाराचा खरा क्लेम बुडतो. पक्षकार ऐकत नसेल तर फाईल परत द्या, मी एकदा दिलीय आणि त्याचं वाईट वाटत नाही.

सर्व्हेअर, व्हाउचर आणि नकाराचं पत्र

मोठ्या नुकसानीला लायसन्स असलेल्या सर्व्हेअरचा रिपोर्ट कायद्यानंच लागतो, विमा कायद्याचं कलम ६४यूएम. त्याच्याशी भांडू नका. तो जे कागद मागेल ते यादी करून, पोच घेऊन द्या, जे नाहीत त्याबद्दल का नाहीत ते लिहून द्या. त्याचा प्रत्येक तोंडी प्रश्न संध्याकाळी ईमेलवर परत लिहून उत्तर द्यायची सवय लावा. रिपोर्टची कॉपी लेखी मागा आणि मिळाली की ओळ न ओळ वाचा. रिपोर्ट म्हणजे अखेरचा शब्द नाही, २००९ च्या प्रदीप कुमारच्या निकालात सुप्रीम कोर्टानं हेच म्हटलंय, पण तो खोडायला तुमच्याकडे आकडे पाहिजेत, नुसता राग नाही. आणि पहिला रिपोर्ट आवडला नाही म्हणून विमा कंपनी कारण न देता दुसरा सर्व्हेअर नेमत असेल तर श्री व्यंकटेश्वरा सिंडिकेटचा २००९ चा निकाल काढा.

मग येतं डिस्चार्ज व्हाउचर. ८० लाखांच्या क्लेमला ३१ लाख देतो, इथं सही करा, पूर्ण आणि अंतिम. शेटजींच्या डोक्यावर बँकेचा हप्ता, शेतकऱ्यांचे पैसे, ते सही करतात. जिनिंगवाल्यांच्या कामाचा निकाल म्हणजे अजमेरसिंग कॉटन अँड जनरल मिल्स, १९९९, नुसत्या सहीनं हक्क संपत नाही, पण फसवून, दबाव टाकून सही घेतली हे दाखवावं लागतं. आणि २०१५ चा जेनस पॉवरचा निकाल उलटा गेलाय, तिथं सहीनंतर जवळपास तीन आठवड्यांनी तक्रार केली आणि दबावाचा पुरावा काही नव्हता. म्हणून सहीच्या आधीच ईमेल करा की ही रक्कम आम्ही हरकत ठेवून घेतोय, आणि पैसे जमा झाले की त्याच दिवशी परत एक. पक्षकाराला सांगून ठेवा, व्हाउचर आलं की पहिले मला फोन.

नाकारल्याचं पत्र आलं तर ते कोर्टाच्या दृष्टीनं कुंपण आहे असं समजा. त्यात जी कारणं लिहिली त्याबाहेरचं कारण विमा कंपनीला नंतर काढता येत नाही, सौराष्ट्र केमिकल्स, २०१९. पत्रात फक्त साठा जुळत नाही म्हटलंय आणि जबाबात उशिरा कळवलं म्हणतात, तर तिथंच अडवा. त्यामुळे पत्रावर लगेच लांबलचक वादाची नोटीस पाठवू नका, आपणच त्यांना नवीन कारणं सुचवतो कधी कधी.

कुठं जायचं

ग्राहक आयोग की कमर्शियल कोर्ट, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. विमा घेणारी कंपनी ग्राहक होते का? होते. हरसोलिया मोटर्सच्या केसमध्ये २०२३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की विमा नुकसान भरून निघावं म्हणून घेतात, नफा कमवायला नाही. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात हद्द ठरते ती भरलेल्या पैशावर, म्हणजे प्रीमियमवर, क्लेमवर नाही. प्रीमियम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. त्यामुळे तीन कोटींचा क्लेम सुद्धा यवतमाळच्या किंवा वर्ध्याच्या जिल्हा आयोगात चालतो, पक्षकाराचा धंदा जिथं आहे तिथं, मुंबईला जायची गरज नाही, आणि फी किरकोळ. विमा कंपनीला जबाब द्यायला ३० दिवस आणि जास्तीत जास्त अजून १५, घटनापीठानं २०२० मध्ये ते पक्कं केलंय, ती केस पण एका कोल्ड स्टोरेजच्या विम्याचीच होती. मुदत दोन वर्षं.

पण साक्षीदार दहा, साठ्यावर फसवणुकीचा आरोप, उलटतपास लागणारच, असं असेल तर आयोग म्हणू शकतो की दिवाणी कोर्टात जा, आणि तोवर दोन-तीन वर्षं गेलेली असतात. अशी फाईल मी पहिल्यापासून कमर्शियल कोर्टात नेतो. विम्याचा वाद हा कायद्यानंच कमर्शियल वाद आहे, किंमत ३ लाख किंवा जास्त असली की झालं. तिथं दावा टाकायच्या आधी कमर्शियल कोर्ट कायद्याच्या कलम १२ए ची मध्यस्थी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे फॉर्म भरून. ही पायरी गाळली तर दावा फेटाळला जातो, पाटील ऑटोमेशन, २०२२. बरेचदा विमा कंपनी मध्यस्थीला येतच नाही, तसा रिपोर्ट मिळतो, तो दाव्याला लावायचा. मध्यस्थीत गेलेला वेळ मुदतीतून वगळतात.

दावा टाकताना जवळचे सगळे कागद एकदमच द्यावे लागतात, आपल्या विरोधात जाणारे सुद्धा, म्हणून ते बँकेचं स्टेटमेंट लपवायचा प्रश्नच येत नाही. भागीदारी फर्म असेल तर रजिस्ट्रेशन बघा, भागीदार बदलल्याची नोंद बघा, आपल्या गावाकडे वडील वारल्यावर मुलगा धंदा पाहतो आणि रजिस्ट्रारकडे नाव वडिलांचंच असतं, भागीदारी कायद्याच्या कलम ६९ मुळे दावा तिथंच अडकतो. कंपनी असेल तर बोर्डाचा ठराव.

कमर्शियल कोर्टात मुदत तीन वर्षं, नाकारल्यापासून. पॉलिसीत १२ महिन्यांत दावा करायची अट असते, १९९७ च्या दुरुस्तीनंतर करार कायद्याच्या कलम २८ खाली तिला उत्तर आहे, तरी माझं ऐका, नाकारल्यापासून १२ महिन्यांच्या आतच दाखल करा, तो वाद अंगावर घ्यायचं कारण नाही. आर्बिट्रेशनची अट असेल तर नीट वाचा, जुन्या फायर पॉलिसीत ती फक्त रकमेच्या वादापुरती असते, जबाबदारीच नाकारली असेल तर लागू होत नाही, नरभेराम पॉवर, २०१८.

बँकेला विसरू नका

पॉलिसीवर बँकेचं नाव असतं, पैसे आधी तिच्याकडे जातात. क्लेम लांबला की खातं एनपीए (थकीत) होतं आणि सरफेसीची (बँकेनं गहाण मालमत्ता ताब्यात घ्यायच्या कायद्याची) नोटीस जिनिंगच्या गेटवर लागते, म्हणजे एका बाजूनं विमा कंपनी पैसे देत नाही आणि दुसऱ्या बाजूनं बँक जमीन विकायला काढते. म्हणून आग लागल्याच्या आठवड्यातच बँकेला लेखी कळवा, क्लेमच्या प्रत्येक पत्राची कॉपी द्या, आणि विमा कंपनीकडे जेवढ्या रकमेवर वाद नाही तेवढी आधी द्या म्हणून मागणी करा. केसमध्ये बँकेला पार्टी करा. कोल्ड स्टोरेज असेल तर आतला माल शेतकऱ्यांचा असतो, २०२० च्या कॅनरा बँकेच्या केसमध्ये मिरची ठेवलेल्या शेतकऱ्यांना सुप्रीम कोर्टानं ग्राहक मानलंय, तेव्हा भिवापूरची मिरची असो की वायगावची हळद, ठेवणाऱ्यांची नावं, पोती, पावत्या पहिल्या दिवशीच गोळा करा.

जिल्हा आयोगात जिंकलात तर विमा कंपनी बहुतेक वेळा अपिलात जाते, त्यासाठी तिला ५० टक्के रक्कम आधी जमा करावी लागते. ती रक्कम नुसती पडू देऊ नका, काढायला अर्ज करा, बँकेची गॅरंटी द्यावी लागली तर द्या. माझ्या त्या पहिल्या जिनिंगच्या केसमध्ये आम्ही हा अर्ज केला, निम्मे पैसे कर्जखात्यात गेले, आणि पुढच्या दिवाळीला रेचे परत सुरू झाले, अपील अजून चालू होतं तरी.